‘हाय’ ते ‘काय’ : तांब्यांच्या एका कवितेतील शब्द आणि त्यांची पुनरावृत्ती



ज्या शाळेत आपण बोट धरून आलो, त्याच शाळेत व्याख्याता म्हणून उभे राहणे हा मान खरा. पण त्यात तोंडी परीक्षेची धाकधूकही असते. गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, तेव्हा विषय शोधण्याची वेळ आली नाही. गुरुजींचे एक देणे माझ्याकडे बरीच वर्षे थकले आहे. ते आज फेडावे, एवढाच माझा हेतू आहे.

ते देणे असे. गुरुजी गेले, तेव्हा शाळेत शोकसभा झाली. भाषणे पुष्कळ झाली आणि वेळ थोडा उरला. मला भास्कर रामचंद्र तांबे यांची ‘जन पळभर म्हणतील’ या शब्दांनी सुरू होणारी कविता वाचायची होती. मी ती जड आवाजात, थांबत थांबत वाचली. पहिली तीन कडवी झाली आणि घड्याळाकडे पाहून शेवटची दोन मी गाळली. सभा हेलावली होती; मला वाटले, काम झाले. बाहेर पडताना काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, मला जवळ बोलावले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अरे, शेवट वाचला नाहीस. त्यांना तर शेवटच आवडायचा.”

घरी जाऊन मी ती कविता पुन्हा उघडली. मी जे वाचले होते ते एका खचलेल्या माणसाचे गाऱ्हाणे होते. तांब्यांनी जे लिहिले होते ते निराळे होते. कडवी तीन की पाच, एवढ्याने कवितेचा सारा अर्थ उलटा कसा झाला? शेवटच्या दोन कडव्यांत कवीने कोणता नवा सिद्धान्त मांडला आहे, म्हणून? तसे दिसेना. जग कुणासाठी थांबत नाही, हाच विचार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आहे. मग बदलते काय? बदलतात ते शब्द, आणि त्याहीपेक्षा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची कामगिरी. आजचे विवेचन एवढ्या एकाच गोष्टीपुरते आहे.

तांबे आपल्याला परके नाहीत. १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली येथे त्यांचा जन्म झाला. झाशी आणि देवास येथे त्यांचे शिक्षण झाले. देवासच्या राजपुत्राचे ते शिक्षक होते, पुढे ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली ग्वाल्हेरलाच त्यांचे देहावसान झाले. पुण्या-मुंबईपासून दूर, माळव्याच्या आणि बुंदेलखंडाच्या हवेत, भोवती हिंदी बोलणाऱ्या लोकांत राहून त्यांनी मराठी गीतकाव्याला नवे वळण दिले. १९३५ साली आपल्या इंदुरात मराठी साहित्य संमेलनाचे एकविसावे अधिवेशन भरले, आणि त्याच साली तांब्यांची समग्र कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एकीकडे जयदेव आणि दुसरीकडे टेनिसन, ब्राउनिंग असे दोन्ही संस्कार त्यांच्यावर होते. केशवसुतांनी मराठीत आणलेली ‘मी’ची कविता, जिला आपण रोमँटिक कविता म्हणतो, ती तांब्यांनी गाण्याच्या अंगाने वाढवली. आणि गाणे म्हटले की पुनरावृत्ती आलीच.

आता प्रश्न असा की, एकच शब्द पुन्हा वापरणे हा गुण की दोष? शाळेत निबंध लिहिताना आपण तो दोषच मानतो, आणि आपल्या साहित्यशास्त्रानेही प्रथम तसेच म्हटले आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त ‘कथितपदत्व’, म्हणजे एकदा येऊन गेलेले पद पुन्हा वापरणे, दोषांच्या यादीत आहे. पण त्याच ग्रंथात त्याला अपवादही आहेत. यमकात अक्षरे तीच असतात, अर्थ वेगळा असतो. लाटानुप्रासात शब्द तोच आणि अर्थही तोच. भेद असतो तो तात्पर्याचा. शब्द दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो पहिल्यापेक्षा वेगळे काही सांगत असतो. तसे असेल तर पुनरुक्ती दोष राहत नाही, अलंकार होते.

इंग्लंडमधील रोमँटिक कवींपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता. १७९८ साली वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निघाला. १८०० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत आपल्या एका कवितेवरील टिपणात वर्डस्वर्थने पुनरुक्तीची बाजू घेतली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : भावनेने भरलेले मन शब्दाला चिकटून राहते, कारण शब्द हे भावनेचे नुसते चिन्ह नसून त्या भावनेचाच एक जिवंत अंश असतात. कीट्सने १८१९ साली नाइटिंगेल पक्ष्यावर लिहिलेल्या कवितेत तर एका कडव्याचा शेवटचा शब्द पुढच्या कडव्याच्या आरंभी पुन्हा येतो आणि तोच कवीला स्वप्नातून ओढून जमिनीवर आणतो. शब्द तोच आहे. पहिल्या वेळी तो दूरच्या कल्पित प्रदेशाचे विशेषण आहे; दुसऱ्या वेळी तो कवीच्या स्वतःच्या अंगावर आला आहे. मम्मटाचा तात्पर्यभेद तो हाच.

गुरुजींना या ग्रंथांचा अभ्यास होता. पण वर्गात त्यांनी ग्रंथांची नावे क्वचितच घेतली. त्यांची एक साधी रीत होती. कविता प्रथम सलग वाचायची. मग फक्त क्रियापदे वाचायची. मग फक्त ओळींचे शेवटचे शब्द वाचायचे. “कवी काय म्हणतो ते मागाहून पाहू; आधी तो काय करतो ते पाहा,” असे ते म्हणत. आपण तीच रीत या कवितेला लावून पाहू.

प्रथम क्रियापदे. ध्रुपदात लोक पळभर हळहळतील असे कवी म्हणतो, आणि तेथून भविष्यकाळ सुरू होतो. पहिल्या कडव्यात सूर्य, चंद्र, तारे आणि वारे आहेत, दुसऱ्यात मेघ, शेते आणि नद्या, तिसऱ्यात सगेसोयरे. या तिन्ही कडव्यांत मिळून ‘तील’ हा प्रत्यय डझनाहून अधिक वेळा येतो. तळपणे, झळकणे, वर्षणे, पिकणे, डोळे पुसणे, उठणे, बसणे, खिदळणे, सारी क्रियापदे त्या एकाच प्रत्ययाच्या दोरीत ओवलेली आहेत. ‘वाहणे’ हे क्रियापद तर वाऱ्यालाही आहे आणि नदीलाही. ऐकता ऐकता असे होते की, प्रत्येक क्रियेचा वेगळा अर्थ मागे पडतो आणि ‘तील, तील’ हा नाद तेवढा चालू राहतो. जग चालूच राहणार आहे, हे कवीला निराळे सांगावे लागत नाही. प्रत्ययच ते चालवून दाखवतो.

त्या रांगेचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आकाशातून सुरुवात होते, मग आपण जमिनीवर येतो आणि शेवटी घराच्या उंबऱ्याच्या आत शिरतो. सूर्य तळपत राहील याचे दुःख कुणाला होणार? नदी वाहत राहील याचेही नाही. पण तोच प्रत्यय आपल्या माणसांना लागतो, तेव्हा काळजात लक्कन हलते. सूर्याला लावलेला ‘तील’ आणि सोयऱ्यांना लावलेला ‘तील’ यांत व्याकरणाने काडीचा फरक नाही, आणि दुःख नेमके त्या फरक नसण्याचे आहे. कालिदासाच्या शकुंतलेला निरोप देताना तपोवनातील वेली पाने ढाळून रडतात. तेथे निसर्ग माणसासारखा होतो. येथे उलट घडते. माणसेच निसर्गासारखी, आपापल्या वाटेने जाणारी, होतात. मी शोकसभेत येथेच थांबलो होतो. येथे थांबले तर कविता कडू लागते, यात नवल नाही.

पण चौथ्या कडव्यात ती ‘तील’ची रांग संपते. राम आणि कृष्ण यांचे नाव येते आणि क्रियापदे एकाएकी भूतकाळात जातात. आता प्रत्येक ओळीच्या टोकापाशी ‘ले’ ऐकू येते : आले, गेले, पडले. जे उद्या घडणार म्हणून आपण हळहळत होतो ते पूर्वीच घडून गेले आहे, आणि तेही आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्यांच्या बाबतीत. मग पाचव्या कडव्यात ‘ले’ही जाते आणि ‘आवे’ येते : कुढावे, गुंतावे, व्हावे. ही विध्यर्थाची रूपे आहेत. भविष्यकाळ होता तो इतरांचा, भूतकाळ होता तो थोरांचा; ‘आवे’ मात्र ज्याचे त्याने स्वतःला विचारायचे असते. इतका वेळ कवी जग काय करील याचा हिशेब करत होता. आता प्रथमच तो विचारतो की, मी काय करावे? तीन प्रत्यय, तीन पायऱ्या. गाऱ्हाण्याचे रूपांतर निर्णयात होते ते या पायऱ्यांवरून.

आता शब्दांच्या निवडीकडे वळू. पहिल्याच ओळीतील ‘पळभर’ घ्या. आज आपण ‘पळभर’ म्हणजे ‘थोडा वेळ’ एवढेच समजतो. पण पळ हे मोजमाप आहे. साठ पळांची एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. तेव्हा एक पळ चोवीस सेकंदांचे. घटिकापात्राच्या काळात हा शब्द काटेकोर होता. ‘क्षणभर’ म्हटले असते तर ती अतिशयोक्ती झाली असती. ‘पळभर’मध्ये हळहळीला काही काळ मिळतो, पण तो मोजून मिळतो.

तारे आपला क्रम पाळतील हे सांगताना कवीने ‘आचरणे’ हा धातू वापरला आहे. आपण व्रत आचरतो, धर्म आचरतो. त्या एका शब्दाने ताऱ्यांचे फिरणे निष्ठुर राहत नाही, ते कर्तव्य होते. तारे माझ्यासाठी थांबले नाहीत ते मला विसरले म्हणून नव्हे. त्यांचे व्रत चालू आहे म्हणून. नद्यांना मात्र कवी ‘गर्व’ देतो. या दोन शब्दांत कवीच्या मनाची ओढाताण दिसते : निसर्गाला दोष द्यावा की त्याचे पावित्र्य मानावे?

सगेसोयरे नुसते हसणार नाहीत, ‘खिदळ’णार आहेत. ‘हसतील’ने भागले असते; पण खिदळण्यात मागचे काही आठवत नसल्याचा मोकळेपणा आहे, म्हणून तो शब्द झोंबतो. चौथ्या कडव्यात जगाने कायमचा शोक केला नाही असे सांगताना कवी ‘शोक’ हा भारदस्त शब्द बाजूला ठेवतो आणि ‘सूतक’ म्हणतो. शोक किती दिवस करावा याला नियम नाही. सूतकाला आहे, दहा दिवस. सूतक फिटते आणि ते फिटावेच अशी शास्त्राची आज्ञा असते. जग पुन्हा कामाला लागते हा त्याचा कृतघ्नपणा नसून सुतकाचा नियमच आहे, हे त्या घरगुती शब्दाने सुचवले.

आणि सर्वांत महत्त्वाची निवड शेवटच्या कडव्यात आहे. न्यायला येतो तो ‘यमदूत’ असायला हवा होता. तांबे त्याला ‘हरिदूत’ म्हणतात. भागवतातील अजामिळाची कथा आपण लहानपणी ऐकली आहे : यमाचे दूत त्याला ओढून नेत असतात आणि विष्णूचे दूत येऊन सोडवतात. तांब्यांच्या कवितेत यमदूत आलेलेच नाहीत. दारात उभा आहे तो हरीचाच माणूस. त्याच्या शेजारचा शब्द आहे ‘विन्मुख’. तो ऐकताच मराठी माणसाला दारी आलेला अतिथी आठवतो. याचकाला विन्मुख धाडू नये, असे आपल्या घरांतून सांगत आले आहेत. मृत्यू पाहुणा झाला की त्याला नाही म्हणणे हे भित्रेपणाचे नव्हे, अनौचित्याचे होते. एवढी उलथापालथ दोन शब्दांनी केली आहे.

आता गुरुजींची तिसरी पायरी : ओळींचे शेवटचे शब्द. ध्रुपदाच्या पहिल्या ओळीचा शेवट ‘हाय’ या दोनदा आलेल्या उद्गाराने होतो आणि दुसऱ्या ओळीचा ‘काय’ने. पुढे प्रत्येक कडवे ध्रुपदाकडे वळताना त्याच ‘आय’वर येऊन टेकते : अंतराय, पाय, जाय, शिवाय आणि शेवटी पुन्हा काय. म्हणजे लोकांच्या तोंडचा जो सुस्कारा पहिल्या ओळीत उमटला, त्याचाच नाद कवितेभर फिरत राहतो. लोकांची हळहळ पळभरच टिकेल असे कवी सांगतो, आणि तिचा नाद मात्र शेवटपर्यंत सांभाळतो.

‘जाणे’ हा धातूही असाच फिरवला आहे. ध्रुपदात त्याचा अर्थ मरण. तिसऱ्या कडव्यात ‘आपले काय जाते?’ या बोलण्यातला, म्हणजे नुकसान होण्याचा. चौथ्यात येणे-जाणे, अवताराचे येणे आणि अवताराचे संपणे. एकाचे जाणे आणि दुसऱ्याचे काहीही न जाणे, हा सगळा व्यवहार एका धातूवर चालतो.

पण खरी करामत शेवटच्या अक्षरांत आहे. ‘काय’ हे प्रश्नार्थक सर्वनाम ध्रुपदात येते, मधल्या कडव्यांत येते. प्रत्येक वेळी ते विचारते : माझ्यावाचून काय अडणार आहे? उत्तर प्रत्येक वेळी एकच : काही नाही. शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द पुन्हा ‘काय’ आहे. सवयीने आपण तोही प्रश्नच समजतो. परंतु त्या ओळीच्या आरंभीच ‘का’ आहे. प्रश्न तेथेच विचारून झाला आहे. मग हा शेवटचा ‘काय’ कोणता? तो ‘महाकाय’मधला आहे, ‘कायिक’ आणि ‘वाचिक’ या जोडीतला आहे. तो संस्कृत ‘काय’ म्हणजे देह. हा देह शांतीत जिरवून का टाकू नये, असे कवी विचारतो. ‘जिरणे’ हा शब्द पावसाच्या पाण्याचा. पाणी जमिनीत जिरते, नाहीसे होत नाही. ओल होऊन राहते.

शास्त्राच्या भाषेत हे यमक. पण त्याचा परिणाम अलंकारापुरता नाही. ‘काय?’ या प्रश्नाला इतका वेळ उत्तर नव्हते. शेवटी तो प्रश्नच देह होतो आणि देह शांतीत जातो. प्रश्न सुटला नाही, जिरला. शोकसभेत मी शेवट गाळला तेव्हा नेमका हा एक शब्द गाळला होता. काकूंना शास्त्र माहीत नसेल. शब्द माहीत होता.

हे गीत पुढे संगीतकार वसंत प्रभू यांच्या चालीत लता मंगेशकर यांनी गायिले. १९२९ साली याच इंदुरात जन्मलेल्या त्या गळ्याने ते घराघरांत नेले. छापील कवितेत ध्रुपद एकदाच असते. गाण्यात ते प्रत्येक कडव्यानंतर परत येते आणि कडव्यागणिक त्याचे तात्पर्य बदलत जाते. चौथ्या कडव्यानंतरचे ध्रुपद पहिल्यासारखे ऐकू येत नाही. लाटानुप्रास समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. २०२२ साली लताबाई गेल्या. गाणे लागते तेव्हा त्यांचा आवाज तोच असतो.

शेवटी एक घरची गोष्ट सांगून थांबतो. माझी नात इंदुरातच वाढली. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरात मराठी. मध्यंतरी तिने या कवितेचा हिंदी अनुवाद करायला घेतला. भविष्यकाळाचा प्रत्यय तिने सहज साधला. ‘सूतक’ हिंदीतही आहे. शेवटच्या ओळीवर मात्र ती अडली आणि माझ्याकडे आली. “आजोबा, ‘क्या’ आणि ‘काया’ एका शब्दात कसे आणू?” मी म्हटले, “नाही आणता येणार, बाळ. ते मराठीतच आहे.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग मूळ कविता मोठ्याने वाचू लागली, शेवटपर्यंत.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरांतील मराठी पातळ होत चालली आहे, अशी खंत आपण सभांतून नेहमी ऐकतो. ती खरी आहे. पण नुसत्या खंतीने भाषा राहत नाही. एखादी कविता पूर्ण वाचावी, क्रियापदे मोजावीत, परत आलेला शब्द या वेळी काय सांगतो ते विचारावे. एवढे एका घरात घडले, तरी एक ‘काय’ जिवंत राहतो.

गुरुजींचे देणे फिटले की नाही, हे मी सांगू शकत नाही. या वेळी मी मध्येच थांबलो नाही, एवढे मात्र काकूंना कळावेसे वाटते.